चालू सँडविचचं दुकान घ्यायचंय? आधी ब्रेड मोजा

"ताई, रोजचा गल्ला नऊ हजार. शनिवारी तर विचारूच नका." शेठ स्टुलावर बसून सांगत होते आणि मी त्यांच्या मागच्या ट्रेमधले ब्रेडचे पुडे मोजत होते. अठरा वर्षं अकाउंट्समध्ये काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कुणी आकडा सांगितला की तो खरा की खोटा हे पुढचं, आधी मनात येतं की हा कुठल्या कागदावर टेकलाय.

डोंबिवली पूर्वेला, क्लासेसच्या गल्लीत ११० चौरस फुटांचा गाळा. टोस्ट, ग्रिल, चीज चिली, एवढंच. दुपारी चारला उघडायचं, रात्री दहाला बंद, रविवारी सुट्टी. आमच्या कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा हातात थोडे पैसे आले आणि पुन्हा कुणाच्या एक्सेल शीटमध्ये मान घालायची इच्छा उरली नव्हती. ते दुकान आज माझं आहे. घेताना काय पाहिलं, काय पाहायचं राहिलं, ते लिहिते.

सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. चालू दुकान विकणारा माणूस जे विकतो, त्यातलं बरंचसं त्याचं नसतंच. जागा घरमालकाची, हात कारागिराचा, फ्रीज कोल्ड्रिंक कंपनीचा, गिऱ्हाईक स्वतःच्या मर्जीचं. किंमत ठरवायच्या आधी यातलं शेठचं खरोखर काय आहे, हे वेगळं काढायचं.

गल्ला कसा तपासायचा

शेठची वही बघू नका. म्हणजे बघा, पण तिच्यावर विसंबू नका. सँडविचच्या धंद्यात एक गोष्ट लपवता येत नाही, ती म्हणजे ब्रेड. बटाटा घरी जातो, बटर चोरीला जातं, चीज जाड-पातळ किसता येतं. पण ब्रेडशिवाय सँडविच होत नाही आणि शिळा ब्रेड दोन दिवसांच्या वर कुणी ठेवत नाही.

मी दोन आठवडे सकाळी सहाला फिरायला जायचे निमित्त काढून त्या गल्लीतून जायचे. ब्रेडवाला किती पुडे टाकतो ते बघायचे. रात्री दहाला शटर ओढताना ट्रेमध्ये किती उरलेत तेही बघायचे, त्यासाठी समोरच्या पानवाल्याकडे उगाच बडीशेप घेत उभी राहायचे. सरासरी १४ पुडे यायचे, २ उरायचे. मोठ्या पुड्यात कडेचे दोन सोडले तर २० स्लाइस धरा. म्हणजे रोज २४० स्लाइस. साध्या मसाला टोस्टला दोन लागतात, ग्रिलला तीन. अडीच धरले तर झाली ९६ सँडविचेस. मेन्यूत भाव ४० पासून ९० पर्यंत, पण पोरं खातात ते स्वस्तातलं, म्हणून सरासरी ५५. झाले ५,२८०. वर पाण्याच्या बाटल्या आणि कोल्ड्रिंकचे साडेचारशे. म्हणजे साधारण ५,७००. नऊ हजार नव्हे.

दुसरी तपासणी तर बसल्या जागी झाली. महिन्याला २६ दिवस, रोज नऊ हजार, तर वर्षाची विक्री २८ लाखांच्या वर जाते. खाण्यापिण्याच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी लागते. शेठकडे जीएसटी नंबर नव्हता. मी सरळ विचारलं, "काका, एक तर नऊ हजार खोटे, नाही तर तीन-चार वर्षांचा कर तुमच्या डोक्यावर आहे. कुठलं धरू?" काका हसले. पाच हजार सातशेच्या हिशोबानं वर्षाचे १७ लाख ७८ हजार होतात, म्हणजे नोंदणी नसणं बरोबर बसत होतं. ब्रेडचा हिशोब आणि नसलेला जीएसटी नंबर, दोघांनी एकच साक्ष दिली.

हा प्रश्न विचारायचाच, कारण नोंदणी असलेला धंदा घेतलात तर हस्तांतराच्या आधीची जीएसटीची थकबाकी विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्याकडूनही वसूल होऊ शकते. नंबर असेल तर रिटर्न भरल्याचे कागद सीएकडून बघून घ्या.

तिसरी गोष्ट, क्यूआर कोडचे पैसे. शेठ मोबाइलवर "आजचं कलेक्शन" दाखवतात आणि तो दिवस हमखास शनिवार असतो. ते नको. बँकेचं १२ महिन्यांचं स्टेटमेंट मागा. त्यात ४५, ९०, १३५ असे आकडे दिसले तर ती सँडविचेस आहेत. एकाच नावानं रोज रात्री ५०० किंवा १,००० येत असतील तर तो मेहुणा आहे. आणि मे महिन्याचं पान आधी उघडा. क्लासच्या गल्लीतलं दुकान मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत झोपतं. आमच्याकडे मे महिन्याचा गल्ला निम्म्यावर आला होता, तो माझ्या सरासरीतही नव्हता, कारण मी जुलैत मोजत होते. पाऊस पडत असताना टोस्ट सँडविचचा धंदा बघून कधीच हिशोब मांडू नये! पावसात दगड भाजून ठेवला तरी लोक चटणी लावून खातील.

मग उरतं किती

महिन्याचे १,४८,००० धरून मी मांडलेला हिशोब असा होता: ब्रेड, भाज्या, बटर, चीज मिळून ६२,०००, भाडं १८,०००, दोन माणसांचा पगार आणि जेवण ३०,०००, गॅस ६,०००, वीज ३,५००, डबे, टिश्यू, फुटकळ ४,०००. उरले २४,५००. त्यात मालकाचे सहा तास उभं राहणं फुकट धरलंय. म्हणजे शेठ ज्याला नफा म्हणत होते तो त्यांचा पगार होता.

मागितलेली किंमत होती साडेसात लाख, डिपॉझिट वेगळं. मी घेतलं ३ लाख ६० हजाराला. खरं सांगायचं तर एवढ्याचंही नव्हतं ते. पण सकाळी साडेसातच्या क्लासला येणारी पोरं गल्लीत उपाशी फिरत होती आणि शेठ चार वाजेपर्यंत शटर वर करत नव्हते. मी पैसे मोजले ते त्या सकाळसाठी. तुम्हाला अशी एखादी रिकामी जागा दिसत नसेल, तर दुसऱ्याचा पगार विकत घेऊ नका.

जागा

माझं पाहिलेलं पहिलं दुकान हे नव्हतं. आधी एक घेता घेता राहिले. गल्ला उत्तम, गिऱ्हाईक बांधलेलं, शेठ "गावी जायचंय" म्हणून विकणार. गावी जायचं कारण सगळेच सांगतात. मी जिन्याजवळ सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोर उभी राहिले तर तिथे पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेची सूचना लागली होती. इमारत पडणार होती. शेठना माहीत होतं, दलालाला माहीत होतं, पानवाल्यालाही माहीत होतं. तेव्हापासून मी दुकानाच्या आधी नोटीस बोर्ड वाचते, आणि मालकाकडून लेखी घेते की करार संपेपर्यंत इमारत पाडायचा विषय नाही.

गाळा बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर असतो. ही जागा वापरायची परवानगी त्या माणसापुरती असते. शेठ ती तुम्हाला विकू शकत नाहीत. "माझा करार अजून दोन वर्षं आहे, तुम्ही बसा" असं कुणी म्हणालं तर बसू नका. गाळ्याच्या मालकाला भेटा, आपल्या नावानं नवीन नोंदणीकृत करार करा, आणि त्याची तारीख ठरल्याशिवाय शेठला टोकनही देऊ नका. मालक नवीन माणूस बघून भाडं वाढवतो, आमच्याकडे १६ चे १८ झाले. म्हणून ही बोलणी किंमत ठरवायच्या आधी. तीन वर्षांच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं, एकूण भाडं आणि डिपॉझिटवर मिळालं असतं असं धरलेलं व्याज मिळून. मला ते १,८०० च्या आसपास पडलं. एवढ्यासाठी लोक नोटरीवर भागवतात आणि मग रडतात.

डिपॉझिट मालकाला थेट द्या. शेठचं डिपॉझिट मालक शेठला परत करेल, त्यांच्यामध्ये आपण कुरियर व्हायचं नाही. पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेली भाड्याची जागा असेल तर प्रकरण निराळं. पागडीला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात जागा आहे, पण घरमालकाची संमती आणि आपल्या नावाची भाडेपावती हातात आल्याशिवाय ते पैसे पाण्यात.

आता टेप घ्या आणि गाळा मोजा. शटरच्या आतला. टोस्टरची शेगडी, भाज्यांचा काउंटर, दोन स्टुलं, हे सगळं शटरच्या बाहेर ओट्यावर असेल तर ते करारात नाही. महापालिकेची गाडी आली की ते उचललं जाणार, आणि आत ११० फुटांत तुम्ही काय कराल त्याचा विचार आजच करा. मी काउंटर आत फिरवून घेतला. दोन गिऱ्हाइकं कमी उभी राहतात, पण गाडीचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येत नाही.

वीज मीटर बघा. मीटर घरगुती दराचा आणि वापर दुकानाचा असेल तर महावितरण दुप्पट दरानं आकारणी करू शकतं. थकबाकीही जागेलाच चिकटून राहते. शेवटचं बिल, भरल्याची पावती, आणि ताबा घेताना मीटरच्या आकड्याचा फोटो. गॅसचंही तसंच. १४.२ किलोचा घरातला सिलिंडर दुकानात वापरला जात असेल तर महिन्याचा गॅसचा खर्च खोटा स्वस्त दिसतो. १९ किलोच्या भावानं हिशोब पुन्हा मांडा.

सामान

यादी करा आणि एकेक वस्तूवर बोट ठेवून विचारा, "हे तुमचं?" काचेच्या दाराचा उभा फ्रीज बहुतेक वेळा कोल्ड्रिंक कंपनीचा असतो, आइस्क्रीमचा डीप फ्रीझर आइस्क्रीमवाल्याचा. शेठच्या यादीत दोन्ही ३५ हजाराला धरले होते. मी स्टिकरकडे बोट दाखवलं. त्यांनी ते आधी कधी पाहिलंच नव्हतं, असा चेहरा केला.

राहिलेल्यात ग्रिलर दहा मिनिटं तापवून बघा, दोन्ही प्लेट सारख्या तापतात का. टोस्टरच्या चिमट्यांची बिजागरं ढिली असली की कडा बंद होत नाहीत आणि सारण निखाऱ्यावर सांडतं. मोरी बघा, पाणी ओतून बघा. हे सगळं मिळून १ लाख १० हजारांचं निघालं.

हात आणि चटणी

सँडविच शेठ बनवत नव्हते. बनवत होता कारागीर, गेली सहा वर्षं. गिऱ्हाईक त्याला नावानं हाक मारायचं. म्हणून दुकान घेताना माझी सगळ्यात लांब बोलणी त्याच्याशी झाली, शेठशी नाही.

पहिला प्रश्न: उचल किती? कारागीर गावी जाताना, बहिणीच्या लग्नाला, मालकाकडून उचल घेतो आणि पगारातून फेडतो. इथे २२ हजार बाकी होती. शेठ म्हणाले, "ती तुमच्या अंगावर घ्या, पगारातून कापा." मी नाही म्हटलं. पहिल्याच महिन्यात ज्याचा पगार मी कापेन, तो दुसऱ्या महिन्यात समोरच्या गाड्यावर उभा दिसेल. ती रक्कम शेठच्या किमतीतून वजा केली आणि कारागिराला सांगितलं की तुझी पाटी कोरी. त्यानं काही म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चटणीच्या वेळी मला आत बोलावलं.

चटणी ही या धंद्याची खरी मालमत्ता, आणि ती कुठल्याच करारात लिहिलेली नसते. कोथिंबीर देठासकट, थोडा पुदिना, तिखट मिरची, जिरं, काळं मीठ, लिंबू. इथपर्यंत मलाही येतं, घरी हीच करते. पण माझी चटणी अर्ध्या तासात पाणी सोडायची आणि ब्रेड ओला व्हायचा. त्यानं पुड्याचे कडेचे स्लाइस उचलले, जे मी हिशोबातून वगळले होते, चुरून मिक्सरमध्ये टाकले, पाण्याऐवजी बर्फाचे तुकडे टाकले. चटणी घट्ट झाली आणि रात्री दहापर्यंत हिरवीच राहिली. लिंबू शेवटी, मिक्सर बंद झाल्यावर. मी आठवडाभर रोज त्याच्याशेजारी उभी राहून वजनं लिहून काढली, कारण "अंदाजे" हा शब्द त्याच्याबरोबर गावी निघून जाऊ शकतो.

तुम्हीही ताब्याआधी किमान सहा दिवस दुकानात उभे राहा. शेठ कां-कूं करत असतील तर तेही एक उत्तरच आहे.

कागद

एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायच्या परवान्याचा १४ आकडी नंबर शेठच्या नावाचा असतो, तो दुकानाबरोबर येत नाही. फॉस्कॉस या त्यांच्याच साइटवर आपला वेगळा काढा, आणि तो हातात येईपर्यंत धंदा सुरू करू नका. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, दोन-तीन माणसांच्या दुकानाला फक्त ऑनलाइन सूचना देण्यापुरता आहे. डिलिव्हरी अ‍ॅपवरचं खातं शेठच्या पॅन आणि बँकेला बांधलेलं असतं. ते चार-साडेचार स्टार आपल्याला मिळतीलच असं समजून पैसे मोजू नका. मोबाइल नंबर मात्र मागून घ्या. क्लासच्या ऑफिसातून वीस-वीस सँडविचची ऑर्डर त्याच नंबरवर येते. गूगल मॅपवरच्या पानाची मालकीही रीतसर बदलून मिळते, ती शेठसमोर बसूनच करून घ्या.

शेठबरोबरच्या करारात एक शब्द हवाच: गुडविल, म्हणजे दुकानाचं नाव आणि बांधलेलं गिऱ्हाईक. हे नुसतं मोठेपणाचं नाही. "मी पुन्हा हा धंदा करणार नाही" अशी अट आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात एरवी रद्दबातल ठरते. गुडविल विकलेली असेल तरच ठरावीक परिसरापुरती, वाजवी मर्यादेत, ती टिकते. म्हणून मी किंमत दोन ओळींत लिहून घेतली: सामानाचे १ लाख १० हजार, आणि नाव, नंबर, गुडविलचे अडीच लाख. खाली, शेठ किंवा त्यांचे घरचे तीन वर्षं डोंबिवली पूर्वेत सँडविचचा धंदा करणार नाहीत. सही करताना काका थोडे थबकले. मला वाटतं, गावी जायचं नव्हतंच त्यांना.

पैसे बँकेतून. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बसू शकतो, हे शेठला सांगितलं की रोखीचा आग्रह आपोआप मावळतो. आणि सगळे पैसे एकदम देऊ नका. मी १ लाख तीन महिन्यांसाठी मागे ठेवले, करारात लिहून. त्याचा उपयोग अठराव्या दिवशी झाला. ब्रेडवाला बिलांची गड्डी घेऊन आला, ११,४०० बाकी. "शेठ बोलले, नवीन ताई देतील." भाजीवाला, दूधवाला, बर्फवाला या सगळ्यांना मी ताब्याआधी भेटले होते, प्रत्येकाकडून बाकी लिहून घेतली होती. ब्रेडवाल्याला सोडून. ज्याचे पुडे दोन आठवडे मोजले त्याच्याशी एकदाही बोलले नव्हते, कारण बोलले असते तर शेठना कळलं असतं. ताबा ठरल्यावर तरी विचारायला हवं होतं, तेवढं राहिलं. ते पैसे राखून ठेवलेल्या लाखातून गेले.

वेळेबद्दल एक. शेठनी जाहिरात टाकली जुलैत, मी भाव पाडला पितृपक्षात. त्या पंधरवड्यात नवीन दुकान घ्यायला दुसरं कुणी फिरकत नाही आणि विकणाऱ्याला भाडं तर भरावंच लागतं. सही दसऱ्याला केली. सासूबाईही खूश, हिशोबही खूश.

ताब्याच्या दिवशी कुलपं बदला, असं सगळे सांगतात. मीही नवीन कुलूप घेऊन गेले होते. शेठनी दोन किल्ल्या दिल्या, कारागिरानं एक. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. शटरसमोर १४ पुडे घेऊन ब्रेडवाला उभा होता, हातात जुनी किल्ली, आणि ती लागत नव्हती. चौथी किल्ली त्याच्याकडे होती, सहा वर्षांपासून, हे शेठ सांगायला विसरले होते. पुडे ओट्यावर ठेवून तो पुढे गेला. मी पोचेपर्यंत मांजरानं दोन फोडले होते. आता नव्या कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे असते.